शुश्रूषाव्रती एडिथ कॅव्हेल

'सेवा' हा शब्द देवस्थानाच्या महाजन कुटुंबांना नवा नाही. पूजेची सेवा, पालखीची सेवा, उत्सवप्रसंगी वाटून घेतलेल्या निरनिराळ्या सेवा यांचा वारसा आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सेवेची पाळी आली म्हणजे ती ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, स्वतःच्या सोयी-गैरसोयीचा विचार न करता पार पाडावयाची असते, हे आपण कोणत्याही ग्रंथात वाचले नाही; वडीलधाऱ्या माणसांकडे पाहून शिकलो. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला आपल्या भाषेने जे नाव दिले आहे, तेही देवळाच्या परिसरात वावरलेले आहे. पंढरपुरास श्रीविठ्ठलाच्या परंपरागत सेवाधाऱ्यांमध्ये 'परिचारक' नावाचे सेवाधारी होते. त्याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप 'परिचारिका' आज रुग्णालयात रूढ झाले आहे. देवाच्या पायांशी उभा राहणारा आणि रुग्णाच्या उशाशी उभी राहणारी, दोघांनाही भाषेने एकाच नावाने ओळखावे, यात पुष्कळ अर्थ भरलेला आहे.

अशाच एका परिचारिकेचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. एडिथ कॅव्हेल हे तिचे नाव. धर्माने ती ख्रिस्ती, जन्माने इंग्रज, आणि तिच्या कार्याची मुख्य भूमी बेल्जियम. इ. स. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत जर्मन लष्कराने तिला गोळ्या घालून ठार केले आणि एका दिवसात तिचे नाव जगभर झाले. त्या मरणाच्या प्रखर प्रकाशात तिच्या आयुष्याचा बाकीचा भाग मात्र झाकोळून गेला. वीस वर्षे तिने रुग्णसेवा केली, त्यांपैकी आठ वर्षे परक्या देशात परिचारिका घडविण्यात वेचली. आणि त्या शेवटच्या पहाटेला ती ज्या शांतपणे सामोरी गेली त्या शांततेचे मूळ या वीस वर्षांच्या शिस्तीत आहे. म्हणून मरणाच्या कथेपूर्वी जीवनाची कथा सांगणे अगत्याचे आहे.

बालपण व शिक्षण

इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरफोक परगण्यात नॉरिच शहराजवळ स्वॉर्डस्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. ४ डिसेंबर १८६५ रोजी तेथील धर्मोपदेशक फ्रेडरिक कॅव्हेल यांच्या घरी एडिथचा जन्म झाला. चार भावंडांत ती थोरली. दोन बहिणी आणि एक भाऊ तिच्या पाठचे. वडील कडक शिस्तीचे व श्रद्धाळू वृत्तीचे होते. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी त्या एकाच गावाच्या चर्चची सेवा केली. घरची स्थिती जेमतेम होती. तरीही रविवारी घरात जे अन्न शिजे त्यातील वाटा गावातील गरीब कुटुंबांकडे पोचविण्याची रीत त्या घरात होती. आपल्या ताटातले दुसऱ्याला आधी द्यावे, हा पहिला धडा एडिथ अशा प्रकारे घरीच शिकली.

तिला चित्रकलेची आवड होती. गावातील मुलांच्या धर्मशिक्षणासाठी स्वतंत्र खोली नव्हती, ती बांधावी असे तिच्या मनाने घेतले. तिने नॉरिचच्या बिशपना पत्र लिहिले. गावकऱ्यांनी काही रक्कम उभी केल्यास आपणही हातभार लावू असे त्यांनी कळविताच एडिथ व तिची बहीण यांनी स्वतः रंगविलेली चित्रकार्डे विकून पैसे जमविले आणि ती खोली बांधली गेली. नुसती इच्छा धरून न थांबता ती तडीस नेण्यासाठी हातपाय हलवावयाचे, हा तिचा स्वभाव त्या वयातही दिसून येतो.

पीटरबरो येथील शाळेत असताना तिने फ्रेंच भाषा उत्तम आत्मसात केली. शिक्षण संपल्यावर मध्यमवर्गीय घरच्या मुलीला प्रतिष्ठेने करता येण्याजोगे जे थोडे व्यवसाय त्या काळी होते, त्यांतील एक तिने पत्करला. सधन कुटुंबात राहून त्यांच्या मुलांना शिकविण्याचे काम ती करू लागली. १८९० ते १८९५ ही पाच वर्षे ती याच कामासाठी ब्रुसेल्स येथील एका कुटुंबात राहिली. त्या शहराची भाषा आणि तेथील माणसे यांच्याशी तिचा जो ऋणानुबंध जडला तो पुढे जन्मभर टिकला.

१८९५ साली वडील आजारी पडले. एडिथ घरी परतली आणि त्यांची शुश्रूषा करू लागली. वडील बरे झाले. परंतु आजाऱ्याच्या बिछान्यापाशी घालविलेल्या त्या दिवसांनी मुलीच्या आयुष्याची दिशा पालटली. वयाच्या तिसाव्या वर्षी, स्थिरावलेला व्यवसाय सोडून, तिने परिचारिका होण्याचे ठरविले.

उमेदवारीची वर्षे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली होती. त्यापूर्वी रुग्णालयातील शुश्रूषा हे अडाणी व निरुपाय झालेल्या स्त्रियांचे काम समजले जाई. नाइटिंगेल यांच्या प्रयत्नांनी त्याला शास्त्राचा पाया व समाजात मान मिळू लागला. एडिथ कॅव्हेल या परंपरेच्या दुसऱ्या पिढीतील होत. काही महिने टूटिंग येथील साथीच्या तापाच्या रुग्णालयात काम करून सप्टेंबर १८९६ मध्ये त्या लंडन हॉस्पिटलमध्ये उमेदवार म्हणून दाखल झाल्या. हे रुग्णालय व्हाइटचॅपेल या अत्यंत गरीब वस्तीत होते. तेथील मेट्रन ईव्हा ल्युक्स या नाइटिंगेल यांच्या स्नेहातील, कर्तबगार व करड्या शिस्तीच्या बाई होत्या.

पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, केंट परगण्यातील मेडस्टन गावी पिण्याच्या दूषित पाण्यामुळे विषमज्वराची भयंकर साथ उद्भवली. सुमारे सतराशे माणसे आजारी पडली. लंडन हॉस्पिटलने मदतीसाठी ज्या परिचारिका पाठविल्या त्यांत कॅव्हेल होत्या. विषमज्वरावर त्या काळी रामबाण औषध नव्हते. रुग्णाचे अंग पुसणे, ताप उतरविणे, पथ्याचे पातळ अन्न वेळेवर पोटात घालणे, मलमूत्राची निर्जंतुक विल्हेवाट लावणे आणि रात्रंदिवस सावध राहणे, एवढाच उपचार होता, आणि तो सर्वस्वी परिचारिकेच्या हातात होता. त्या साथीत १३२ रुग्ण दगावले, बाकीचे वाचले. या सेवेबद्दल गावाने परिचारिकांना पदक देऊन गौरविले. कॅव्हेल यांच्या हयातीत त्यांच्या मायदेशाने त्यांना दिलेले हे एकच पदक होय.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. शिक्षण पुरे झाल्यावर मेट्रनने आपल्या नोंदवहीत या उमेदवाराविषयी जो अभिप्राय लिहिला तो मुळीच कौतुकाचा नव्हता. अंगी कुवत असून ती मन लावून वापरीत नाही आणि वेळेच्या बाबतीत काटेकोर नाही, असा त्याचा आशय होता. थोर व्यक्तींच्या चरित्रांतून अशा गोष्टी बहुधा गाळल्या जातात. पण आपल्यासारख्या सामान्यांना धीर येतो तो यांतूनच. कारण पुढे हीच स्त्री आपल्या विद्यार्थिनींसमोर न्याहारीच्या मेजावर घड्याळ ठेवून बसत असे, आणि दोन मिनिटांहून अधिक उशीर करणारीला दोन तास जादा काम करावे लागत असे. वक्तशीरपणा त्यांच्या रक्तात नव्हता. तो त्यांनी प्रयत्नाने अंगी बाणविला होता.

पुढील काही वर्षे त्यांनी लंडनच्या गोरगरिबांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयांतून काम केले. १९०१ साली सेंट पॅन्क्रस येथे त्या रात्रपाळीच्या अधीक्षक झाल्या. १९०३ पासून शोरडिच येथे त्या साहाय्यक मेट्रन होत्या. रुग्णालयातून बऱ्या होऊन घरी गेलेल्या माणसांची पुढे काय अवस्था होते हे पाहण्यासाठी त्या त्यांच्या घरी जात. आज ही गोष्ट नित्याची वाटते. त्या काळी ती विशेष होती. नंतर १९०६ मध्ये मँचेस्टर येथे, घरोघर जाऊन गरीब आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत त्यांनी काही काळ काम पाहिले. अशा रीतीने चाळिशी उलटली तेव्हा त्यांच्या गाठी दहा वर्षांचा अनुभव होता. कीर्ती मात्र नव्हती, आणि तिची हावही नव्हती.

ब्रुसेल्सची शाळा

ब्रुसेल्सचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य डॉ. आंत्वान देपाज यांना एक अडचण भेडसावत होती. शस्त्रक्रिया कितीही कुशलतेने केली, तरी नंतरची शुश्रूषा शास्त्रीय पद्धतीने न झाल्यास रुग्ण हाती लागत नाही. बेल्जियममध्ये हे काम मुख्यतः धर्मसंघातील जोगिणी करीत. त्यांची निष्ठा वादातीत होती. परंतु जंतुशास्त्राचे नवे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. देपाज यांनी इंग्लंडच्या धर्तीवर परिचारिकांची शाळा काढण्याचे ठरविले, आणि फ्रेंच जाणणारी, शिकविण्याचा अनुभव असलेली, इंग्लंडमध्ये तयार झालेली मेट्रन म्हणून एडिथ कॅव्हेल यांना पाचारण केले. ऑक्टोबर १९०७ मध्ये ब्रुसेल्सच्या इक्सेल भागात, एकमेकांना लागून असलेल्या चार घरांत, मूठभर विद्यार्थिनींना घेऊन ही शाळा सुरू झाली.

खरी अडचण जागेची वा पैशाची नव्हती; ती लोकांच्या मनातली होती. चांगल्या घरच्या मुलीने पगार घेऊन काम करावे, तेही परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावण्याचे, ही गोष्ट ब्रुसेल्समधील प्रतिष्ठित कुटुंबांना कमीपणाची वाटे. हा समज केवळ त्याच शहरात होता असे नाही. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि तेथून स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून देण्यात आली, तेव्हा आपल्या समाजातही अशाच शंका-कुशंका उठल्या होत्या. दोन दूरच्या शहरांत, एकाच सुमारास, दोन स्त्रिया एकाच अढीशी झगडत होत्या, आणि दोघींनी योजिलेला उपाय एकच होता. वादविवादात शक्ती न दवडता काम असे चोख करून दाखवावयाचे की, टीकाकारालाच उद्या त्याची गरज लागावी.

ब्रुसेल्समध्ये तसेच घडले. बेल्जियमच्या राणीचा हात मोडला असता तिने शुश्रूषेसाठी या शाळेची परिचारिका मागविली. राजवाड्याने दिलेला हा कौल पुष्कळ व्याख्यानांहून परिणामकारक ठरला. विद्यार्थिनींची संख्या वाढू लागली. १९१० साली 'लँफिर्मिएर', म्हणजे 'परिचारिका', या नावाचे फ्रेंच नियतकालिक निघू लागले. १९१२ पर्यंत ही शाळा तीन रुग्णालये, चोवीस शाळा आणि तेरा बालकमंदिरे यांना परिचारिका पुरवू लागली होती. सँ-जील येथील रुग्णालयाची व्यवस्थाही कॅव्हेल यांच्या देखरेखीखाली आली. आठवड्यातून अनेकदा व्याख्याने देणे, वॉर्डातून हिंडून प्रत्येकीचे काम डोळ्यांखालून घालणे, रात्री हिशेब व पत्रव्यवहार पाहणे, असा त्यांचा दिनक्रम होता.

शिक्षिका म्हणून त्या कडक होत्या. विद्यार्थिनींना त्यांचा धाक वाटे. मोजके बोलणे, सरळ ताठ बसणे, चेहऱ्यावर क्वचितच हसू. परंतु एखादी मुलगी आजारी पडली वा घरच्या दुःखाने खचली, तर बाईंच्या खोलीचे दार तिला उघडे असे. हाताखालच्या मुलींना त्यांनी एक तत्त्व पुनःपुन्हा शिकविले. बिछान्यावर आलेला माणूस कोणत्या देशाचा, कोणत्या पंथाचा, सधन की निर्धन, हा प्रश्न परिचारिकेने विचारावयाचा नसतो. तो रुग्ण आहे एवढे तिला पुरे. शांततेच्या काळात हे तत्त्व सर्वांनाच पटते. त्याची कसोटी लागते ती युद्धाच्या काळात, आणि ती वेळ आता जवळ आली होती.

महायुद्धाची छाया

१९१० साली वडील वारले. १९१४ च्या उन्हाळ्यात कॅव्हेल वृद्ध आईच्या भेटीसाठी नॉरिच येथे आल्या होत्या. आईच्या बागेत त्या काम करीत असतानाच युरोपात युद्ध पेटणार असल्याची वार्ता आली. इंग्लंडमध्ये सुरक्षित राहण्यास त्यांना कोणाचीच आडकाठी नव्हती. आपली गरज आता पूर्वीपेक्षा अधिक आहे, असे म्हणून त्या ब्रुसेल्सला परतल्या. ३ ऑगस्टला त्या पोचल्या. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. २० ऑगस्टला ब्रुसेल्स त्याच्या ताब्यात गेले.

शाळेचे रूपांतर रेडक्रॉसच्या रुग्णालयात झाले. जखमी जर्मन सैनिकाचीही शुश्रूषा इतरांइतक्याच दक्षतेने झाली पाहिजे, असे मेट्रनने सर्वांना बजावून सांगितले. ज्या सैन्याने आपले शहर बळकाविले त्याच सैन्यातील तरुणाच्या जखमा धुणे हे बेल्जियन मुलींना किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. तरी ते झाले. डॉ. देपाज युद्धआघाडीमागील रुग्णालयात निघून गेले होते. शाळेचा सर्व भार एकट्या कॅव्हेल यांच्यावर पडला.

१ नोव्हेंबर १९१४ रोजी रात्री दोन इंग्रज सैनिकांना घेऊन एक बेल्जियन गृहस्थ शाळेच्या दारात आले. ऑगस्टमधील माघारीत हे सैनिक आपल्या पलटणीपासून तुटून शत्रूच्या मुलखात अडकले होते. अशा सैनिकांना आसरा देणाऱ्यास कठोर शिक्षा होईल, असे जर्मन अधिकाऱ्यांनी जाहीर केलेले होते. कॅव्हेल यांनी दोघांना आत घेतले. तेथून पुढे नऊ महिने हे सत्र चालू राहिले. सरहद्दीजवळच्या बेलिन्यी येथील आपल्या वाड्यात द क्रुई घराण्यातील राजपुत्र रेजिनाल्ड व राजकन्या मारी या भावंडांनी लपविलेले सैनिक, लुईझ तुलिए नावाच्या शिक्षिकेने जंगलातून शोधून काढलेले सैनिक, फिलिप बोक या वास्तुशिल्पज्ञाने वाट दाखविलेले सैनिक शाळेत येत. काही दिवस तेथे राहून, बनावट कागदपत्रे व थोडे पैसे घेऊन, वाटाड्यासोबत ते तटस्थ हॉलंडच्या सरहद्दीकडे जात. सुमारे दोनशे माणसे अशा रीतीने त्या घरातून सुटली.

हे काम चालू असतानाही शाळेचा एकही तास बुडाला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. व्याख्याने होत होती. उकल भागात शाळेसाठी नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्या बारीकसारीक गोष्टींकडे बाई जातीने लक्ष देत होत्या. आपल्या विद्यार्थिनींवर आच येऊ नये म्हणून त्यांनी त्यांना या व्यवहारापासून होईल तितके दूर ठेवले. स्वतः लिहिलेल्या दैनंदिनीची काही पाने त्यांनी उशीच्या आत शिवून लपविली होती. ती अनेक वर्षांनी सापडली.

रेडक्रॉसच्या छायेखाली चालणाऱ्या रुग्णालयाने असे काम करावे की करू नये, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. त्या जाळ्यातील काही माणसे लष्करी बातम्याही पाठवीत असत, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे. न्यायालयात कॅव्हेल यांच्यावर ठेवलेला आरोप मात्र हेरगिरीचा नव्हता. शत्रुपक्षाच्या सैनिकांना पळून जाण्यास साहाय्य केल्याचा होता. त्यांनी केलेले कृत्य जर्मन लष्करी कायद्याने गुन्हा होते, यात शंका नाही. दारात आलेल्या माणसाला परत लावले तर तो मारला जाईल या जाणिवेने त्यांनी तो गुन्हा पत्करला, आणि त्याचे मोल देण्याची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला नाही.

अटक, अभियोग व अखेर

३१ जुलै १९१५ रोजी बोक व तुलिए यांना अटक झाली. ५ ऑगस्टला कॅव्हेल यांना पकडून सँ-जीलच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथे त्या दहा आठवडे होत्या. चौकशीत त्यांनी सर्व गोष्टी सरळपणे मान्य केल्या. पळून गेलेल्यांपैकी काहींनी इंग्लंडला पोचल्यावर आभाराची पत्रे पाठविली होती, हेही त्यांनी लपविले नाही. आणि ती कबुली त्यांना फार महाग पडली. असत्य बोलून सुटण्याची कला त्यांना साधली नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल.

तुरुंगातील एकांत त्यांनी कसा घालविला? थॉमस ए केम्पिस यांच्या 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट' या भक्तिग्रंथाचे त्या वाचन करीत आणि आपल्याला भावलेल्या ठिकाणी खुणा करीत. ती प्रत पुढे जतन झाली. तुरुंगातून शाळेला लिहिलेल्या पत्रांतूनही परीक्षा, नव्या इमारतीतील स्थलांतर आणि रुग्णांची व्यवस्था यांचीच चिंता दिसून येते.

७ व ८ ऑक्टोबर रोजी ब्रुसेल्स येथे लष्करी न्यायालयात एकूण ३५ आरोपींची सुनावणी झाली. परिचारिकेचा गणवेश परिधान करून गेल्यास न्यायाधीशांच्या मनात कदाचित सहानुभूती निर्माण झाली असती. कॅव्हेल साध्या पोशाखात गेल्या. आपल्या कृत्याचा डाग शाळेच्या गणवेशाला लागू नये, हाच त्यामागील हेतू असावा. ११ ऑक्टोबर रोजी पाच जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यांपैकी तिघांची शिक्षा पुढे कमी झाली. कॅव्हेल आणि बोक यांची मात्र दुसऱ्याच पहाटे अमलात आणण्याचे ठरले.

त्या रात्री अमेरिकन वकिलातीचे चिटणीस ह्यू गिब्सन, स्पेनचे वकील मार्किस द व्हिलालोबार आणि कायदेतज्ज्ञ गास्तों द लेव्हाल यांनी जर्मन अधिकारी बॅरन फॉन देअर लांकेन यांना नाट्यगृहातून बोलावून घेऊन दयेसाठी विनवणी केली. अमेरिकेचे वकील ब्रँड व्हिटलॉक स्वतः अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी पत्र पाठविले. लष्करी गव्हर्नरने नकार दिला. व्यर्थ ठरलेल्या या खटपटीची वार्ताही तुरुंगातील कोठडीत पोचली नाही.

कोठडीत त्या वेळी धर्मगुरू स्टर्लिंग गाहान हे कॅव्हेल यांना शेवटचा प्रसाद देण्यासाठी गेले होते. आपल्याला शोकाकुल स्त्रीचे सांत्वन करावे लागेल अशा समजुतीने ते गेले. परंतु त्यांना भेटली ती नेहमीचीच शांत, विचारी मेट्रन. मृत्यू आपण इतक्या वेळा जवळून पाहिला आहे की त्याचे भय उरले नाही, आणि धावपळीच्या आयुष्यानंतर मिळालेल्या या विसाव्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत, असे त्यांनी सांगितले. ईश्वरासमोर आणि अनंतकाळासमोर उभे राहून पाहताना स्वदेशाचे प्रेम हीच कर्तव्याची परिसीमा नाही असे जाणवते, मनात कोणाविषयीही द्वेषाचा वा कडवटपणाचा लेश राहता कामा नये, हा विचार त्यांनी त्यांच्यापाशी बोलून दाखविला. ज्यांच्या बंदुका पहाटे आपल्यावर रोखल्या जाणार, त्यांनाही या क्षमेतून त्यांनी वगळले नव्हते.

त्यापूर्वी त्यांनी आपल्या परिचारिकांना एक निरोपाचे पत्र लिहून ठेवले होते. शाळा कशी वाढली याचे त्यात समाधान आहे. एकमेकींशी निष्ठेने वागण्याचा उपदेश आहे. आणि आपण कधी फार कठोर झालो असू, क्वचित अन्यायही केला असेल, तर त्याची क्षमा मागितली आहे. आपले त्यांच्यावरील प्रेम त्यांना वाटत होते त्याहून फार अधिक होते, हेही त्यांनी त्यात सांगितले. जी गोष्ट आठ वर्षांत ओठांवर आली नाही ती शेवटी कागदावर उतरली.

१२ ऑक्टोबर १९१५ रोजी पहाटे, ब्रुसेल्सजवळील स्कारबेक येथील लष्करी नेमबाजीच्या मैदानावर, एडिथ कॅव्हेल आणि फिलिप बोक यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे वय तेव्हा ४९ वर्षांचे होते.

मरणोत्तर

या वार्तेने सारे जग हादरले. तटस्थ देशांतूनही निषेध झाला. इंग्लंडमध्ये त्यांचे नाव व चित्र सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकांवर झळकले. त्यांच्या मृत्यूच्या अतिरंजित कथा वृत्तपत्रांतून पसरल्या आणि सूडाच्या भावनेने तरुणांच्या रांगा भरतीकेंद्रांपुढे लागल्या. ज्या स्त्रीने अखेरच्या रात्री द्वेष टाकून देण्याविषयी सांगितले तिच्याच नावाने द्वेष पेटविला गेला, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

युद्ध संपल्यावर मे १९१९ मध्ये त्यांचा देह इंग्लंडला नेण्यात आला. वेस्टमिन्स्टर ॲबीतील प्रार्थनेनंतर, आईवडिलांच्या गावाजवळ, नॉरिचच्या कॅथीड्रलच्या आवारात तो विसावला. १९२० साली लंडनमध्ये त्यांचा भव्य पुतळा उभारण्यात आला. त्यावर राजा व देश यांच्यासाठी बलिदान झाल्याचा उल्लेख होता. अखेरच्या रात्रीच्या त्यांच्या विचाराचा मात्र मागमूस नव्हता. स्त्रियांच्या संघटनेने त्यासाठी मागणी लावून धरली आणि १९२४ साली ते शब्द पुतळ्याच्या पायथ्याशी कोरले गेले. जगाला त्यांचे शौर्य पटण्यास एक दिवस लागला. त्यांची क्षमा पटण्यास नऊ वर्षे लागली.

कॅनडातील एका उत्तुंग पर्वतशिखराला त्यांचे नाव आहे. गरजू परिचारिकांना साहाय्य करणारा निधी त्यांच्या नावाने उभा राहिला. परंतु त्यांचे खरे स्मारक ब्रुसेल्समध्ये होते. त्यांनी लावलेले रोप युद्धानंतरही जगले, आणि शाळेला एडिथ कॅव्हेल व मारी देपाज या दोघींची जोडनावे देण्यात आली. मारी या डॉ. देपाज यांच्या पत्नी. बेल्जियन जखमींसाठी अमेरिकेत निधी जमवून परत येत असता ७ मे १९१५ रोजी 'लुसिटानिया' ही आगबोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, तीत त्यांचा अंत झाला. एकाच वर्षी, एकाच कार्यासाठी, एकाच संस्थेच्या दोन आधारस्तंभ गेल्या. आणि तरीही तेथील विद्यार्थिनींनी शुश्रूषेचे काम थांबू दिले नाही. आचार्याची परीक्षा त्याच्या पश्चात होते, असे आपल्याकडे मानतात. त्या परीक्षेत या बाई पूर्णपणे उत्तीर्ण झाल्या.

कॅव्हेल यांना हुतात्मा म्हणून गौरवून घेण्याची इच्छा नव्हती. आपले कर्तव्य करू पाहणारी एक परिचारिका एवढीच आपली आठवण राहावी, अशी त्यांची भावना होती. आपण त्यांची ही इच्छा मानावी. रणांगणावरील पराक्रम फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. पण आजाऱ्याच्या उशाशी जागण्याची पाळी प्रत्येक घरात, प्रत्येकावर, केव्हा ना केव्हा येतेच. त्या पाळीला वेळेवर हजर राहणे, समोरचा माणूस कोण याचा हिशेब न करणे, आणि काम संपल्यावर मनात कोणाविषयी अढी न ठेवणे, इतके साधले तरी पुष्कळ झाले. आपल्याही कुटुंबांतील अनेक लेकी-सुना परिचारिकेचा पेशा स्वीकारून गावोगावच्या रुग्णालयांतून रात्रीचा दिवस करीत आहेत. उत्सवाच्या दिवशी ड्यूटीमुळे त्यांना श्रींच्या दर्शनाला येता येत नाही, तेव्हा त्यांची सेवा चुकली असे कोणी समजू नये. ती दुसऱ्या गाभाऱ्यात रुजू झालेली असते.

त्या सर्व परिचारिकांच्या ठायी असलेल्या सेवाभावाला, आणि त्या सेवाभावाची उज्ज्वल मूर्ती असलेल्या एडिथ कॅव्हेल यांच्या पुण्यस्मृतीला, श्रींच्या चरणी लीन होऊन आमचे विनम्र अभिवादन.